उजवा खांदा

प्रयोगाच्या काचेच्या बशीतला गर्भ हलला तेव्हा डॉ. हेमांगी खाडिलकरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ठेवला तो नेमका सूक्ष्मदर्शकाशेजारी, जिथे चहा आणायला त्यांनीच सगळ्या केंद्राला बंदी केली होती.

"बघ, इरफान. आता बोल! गर्भ चालतो का, असं तोंड वर करून विचारत होतास ना?"

डॉ. इरफान मुजावर पडद्याकडे वाकले. मिरजेच्या त्या प्रजनन संशोधन केंद्रात ते सोनोग्राफीचा विभाग सांभाळत, आणि कॉलेजात एका बाकावर बसल्यापासून हेमांगीच्या प्रत्येक कल्पनेत खोट काढणं हा त्यांचा जोडधंदा होता. पडद्यावर बशी कैक पटींनी मोठी दिसत होती. मधोमध पाच दिवसांचा गर्भ होता, एका जोडप्याने संशोधनासाठी दिलेला. पेशींचा पोकळ चेंडू, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान. त्याच्या दोन्ही बाजूंना गर्भाशयाच्या अस्तराचा एकेक तुकडा ठेवला होता. चेंडू डाव्या तुकड्याकडे सरकत होता. बशीतलं पाणी अगदी स्थिर होतं, तरी हा आपला निघाला होता.

"डावा तुकडा निरोगी बाईचा," हेमांगीबाई म्हणाल्या. "उजवा एंडोमेट्रिओसिस झालेल्या बाईचा. त्याच्याकडे गर्भ ढुंकूनही बघत नाही."

"का बघत नाही?"

"कारण ते अस्तर मुकं आहे. नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. गर्भ कुठेही आपटून रुजतो असं आपण समजत होतो. तसं नाहीये. अस्तर त्याला हाक मारतं. रसायनांची हाक. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलं की निरोगी अस्तर ही रसायनं सोडतं आणि गर्भ त्यांच्या मागावर सरकत जातो. ह्या आजारात अस्तराला प्रोजेस्टेरॉनचं काही ऐकूच येत नाही. त्यामुळे ते गप्प बसतं, आणि गर्भ घिरट्या घालून मरतो. आणि आपण बाईला काय सांगतो? तुमच्या बीजाची प्रत बरी नाही हो."

"बीजालाही त्रास होतोच की. पोटभर सूज असते."

"होतो ना. मी कुठे नाही म्हणते? पण उत्तम गर्भ ठेवूनही रुजत नाही, ते का?" त्यांनी सुईच्या टोकावर एक थेंब घेतला आणि उजव्या तुकड्यावर सोडला. "हे बघ. ह्याचं नाव मी ठेवलंय साद."

दोघे पडद्याला डोळे लावून बसले. हेमांगीबाईंना गप्प बसवणं सोपं नव्हतं, पण त्या मोहरीएवढ्याही नसलेल्या जिवाने ते साधलं. चेंडू थबकला. मग सावकाश वळला आणि उजवीकडे निघाला. ह्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण बाईंनी वाजवल्या.

"द्यायचं कसं हे?" इरफाननी विचारलं.

"शिरेतून. आयुष्यात एकदा. जनुकांवरचं कुलूपच निघतं. अस्तर दर महिन्याला गळतं, पण मुळाशी ज्या पेशी राहतात त्या नव्यांना शिकवतात. एकदा आलेली हाक पुन्हा जात नाही."

"म्हणजे परत घेता येणार नाही."

"परत कशाला घ्यायची?"

इरफाननी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं खोट काढायच्या आधीचं लक्षण. "शिरेतून म्हणजे अंगभर जाणार. आणि हा आजारच मुळी असा की गर्भाशयाचं अस्तर भलत्याच ठिकाणी उगवतं. अंडाशयावर, आतड्यावर. ते भटकं अस्तरपण हाक मारायला शिकेल की, हेमांगी."

"म्हणूनच नियम केलाय ना! आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया. भटक्या अस्तराचा ठिपका न् ठिपका मी माझ्या हाताने जाळणार. पोट साफ झालं की मगच साद."

"ठिपका न् ठिपका?"

"वीस वर्षं तेच करतेय मी. माझं काम मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत, बाई," असं म्हणून इरफाननी त्यांचा निवलेला चहा पिऊन टाकला.

शलाका आवटी ही साद घेणारी पहिली बाई. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत ती खो-खो शिकवायची. उंच, काटक, मैदानावर ओरडून ओरडून घसा बसलेला. नवरा सुहास हळदीच्या अडत दुकानात कामाला होता. तो केबिनमध्ये आला की हळदीचा वास यायचा आणि त्याला उगाचच लाज वाटायची. सात वर्षं दोघं दवाखान्यांच्या पायऱ्या चढत होती. दोन्ही अंडाशयांतल्या रक्ताच्या गाठी काढताना स्त्रीबीजंही गेली होती. जी हाती लागली त्यांचे चार गर्भ झाले. तीन ठेवले, तिन्ही रुजले नाहीत. गोठवलेला एकच उरला होता. आणखी होणार नव्हता, हे तिला सांगून झालं होतं.

"हा शेवटचा आहे, मॅडम," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "मला उगाच आशा दाखवू नका. होणार असेल तरच हात लावा."

हेमांगीबाईंना अशी माणसं आवडत. त्यांनी तिला हाकेची सगळी गोष्ट समजावून सांगितली. शलाकाने मान हलवली.

"म्हणजे आमच्या खो-खोसारखंच की. बसलेल्या पोरीला पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही. खो ऐकला की उठायचं आणि धावायचं. विचार करत बसली तर डाव गेला."

"अगदी तसंच! तुझं गर्भाशय खो देतच नव्हतं. आता देईल. बरं, पाळीत दुखतं कुठे कुठे, ते सांग."

"ओटीपोट, कंबर, मांड्या. शौचाला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी. आणि हा उजवा खांदा."

"खांदा?"

"अहो, खांबाशी सूर कसा मारायचा ते पोरींना दाखवत असते ना ती!" सुहास मध्येच बोलला. "तरी सांगतो, आता वय राहिलं का तुझं? आपटतेस मग दुखणारच."

"पाळीतच जास्त दुखतो पण," शलाका म्हणाली.

"पाळीत अंगच सगळं हळवं होतं गं," हेमांगीबाई म्हणाल्या. "खांद्याला शेक दे. तो काही माझ्या खात्यातला नाही."

तिघंही हसली. शलाकाही हसली, कारण अशा ठिकाणी हसायचं असतं एवढं ती सात वर्षांत शिकली होती.

शस्त्रक्रिया झाली. हेमांगीबाईंचा हात खरंच सुरेख. अंडाशयं, आतड्याची मागची बाजू, गर्भाशयामागचा खोलगट भाग, सगळीकडचे काळपट ठिपके त्यांनी एकेक करून जाळले. बीजनलिका मोकळ्या आहेत ह्याचीही खात्री केली. "आरशासारखं पोट करून दिलंय," असं त्यांनी सुहासला बाहेर येऊन सांगितलं आणि त्याने बाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. महिन्याभराने साद दिली. मग शेवटचा गर्भ बारीक नळीतून गर्भाशयात सोडला. शलाका पडद्यावर तो पांढरा ठिपका बघत होती.

"ऊठ रे आता," ती हळूच पुटपुटली. "खो."

तपासणीचा निकाल आला तेव्हा सुहास अडत दुकानातून तसाच धावत आला. गर्भ रुजल्याचं सांगणारं हार्मोन रक्तात आलं होतं. दर दोन दिवसांनी ते दुप्पट होत होतं, जसं व्हायला पाहिजे अगदी तसं. हेमांगीबाईंनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले. बातमी फुटली, फोन खणखणू लागले, आणि शस्त्रक्रिया उरकून वाट बघत थांबलेल्या नऊ जणींना त्यांनी लागोपाठ साद देऊन टाकली. घाई केली का? केली. पण त्या नऊ जणींना जाऊन विचारा, त्यांना तो उशीरच वाटत होता.

खांदा दुखायला लागला तो पाचव्या आठवड्यात. शलाकाने तेल लावलं, शेक दिला. शाळेत तर ती जातच नव्हती. सूर मारणं सोडा, घरात बादलीही कुणी उचलू देत नव्हतं. मग आता का दुखतोय, असा प्रश्न तिला पडला. पण सुहासचा चेहरा इतका उजळलेला होता की तिने तो प्रश्न स्वतःपाशीच ठेवला.

पहिल्या सोनोग्राफीला इरफान मुजावर होते. बाई शेजारी उभ्या राहिल्या, कौतुकाने. इरफाननी ओटीपोटावर यंत्र फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. मग आतून बघितलं. मग पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"काय झालं?" शलाकाने विचारलं. "सर, पडदा का फिरवला?"

इरफान हेमांगीबाईंकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "गर्भाशय रिकामं आहे."

"शक्य नाही. हार्मोन बघितलंस का? बीजनलिकेत अडकला असेल."

"नळ्या बघितल्या. अंडाशयं बघितली. कुठेच काही नाही."

"नीट बघ, इरफान!"

"नीटच बघतोय, हेमांगी. सुई हरवल्यासारखं बघतोय."

शलाका छताकडे डोळे लावून पडली होती. तिचा एक हात नकळत उजव्या खांद्यावर गेला आणि ती तो चोळू लागली. इरफानचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पोटात रक्तस्राव झाला की खांद्यात कळ येते, हे डॉक्टरकीच्या पहिल्या धड्यांतलं.

"खांदा कधीपासून दुखतोय?"

"आठवडा झाला. तसा जुनाच आहे तो. दर पाळीत दुखायचा."

"दर पाळीत?" इरफाननी यंत्र हातातच धरून ठेवलं. "आणि पाळी संपली की?"

"थांबायचा."

"किती वर्षं?"

"पाच-सहा तरी. मी सांगितलं होतं की मॅडमना."

इरफाननी मान वळवली. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच बाईंना सहन होईना. "हेमांगी, शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बीण वर फिरवली होतीस?"

"वर म्हणजे?"

"वर. यकृताच्या वर. श्वासपटलाकडे."

"तिकडे कशाला? आपण टेबल डोक्याकडून खाली झुकवतो, आतडी वर सरकतात, आणि ओटीपोट..." त्या बोलता बोलता थांबल्या. वीस वर्षं त्यांनी टेबल झुकवलं होतं. त्यांच्या गुरूंनीही झुकवलं होतं. स्त्रीरोगाचा डॉक्टर दुर्बीण घेऊन आत गेला की खालीच बघतो, कारण बाईचा आजार खालीच असतो असं सगळे धरून चालतात. वर यकृताचा एवढा मोठा डोंगर, त्याच्या पलीकडे डोकवायची पद्धतच नव्हती.

"पोटातलं पाणी एका जागी थांबत नाही," इरफान म्हणाले. ते आता शलाकाशी बोलत होते, कारण पोट तिचं होतं. "आपण श्वास घेतो तसं ते उजव्या बाजूने वर ओढलं जातं, यकृताच्या माथ्यापर्यंत, आणि फिरून खाली येतं. भटक्या अस्तराचे कण त्याच वाटेने वर गेले असणार आणि श्वासपटलाला चिकटले असणार. श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून तिथे दुखलं की खांदा दुखल्यासारखं वाटतं. तुमचा खांदा कधी आजारी नव्हताच, शलाकाताई."

"पण हाक गर्भाशयानेही दिली असेल!" हेमांगीबाई कळवळून म्हणाल्या. "ते तर किती जवळ होतं!"

"दिली असेल. पण भटकं अस्तर स्वतःला पोसणारं इस्ट्रोजेन स्वतःच बनवतं, तू मला शिकवलंस हे. त्याला कमी कशाची? साद मिळाल्यावर दोघांत जोरात कोण ओरडलं असेल?"

त्यांनी यंत्र उचललं आणि शलाकाच्या उजव्या बरगड्यांखाली टेकवलं. पडद्यावर यकृत आलं, करडं आणि भलंमोठं. इरफाननी यंत्र तिरकं करून वर दाबलं. यकृताच्या माथ्यावर, श्वासपटलाच्या कडेला, एक काळी चिमुकली पिशवी होती. शलाका श्वास घेई तशी ती खाली येई, सोडला की वर जाई.

"जरा श्वास रोखून धरा," इरफान म्हणाले.

तिने रोखला. पिशवी थांबली. आत मात्र काहीतरी लुकलुकत राहिलं, भरभर, न थकता.

इरफाननी पडदा शलाकाकडे वळवला. तिला तो बघायचा हक्क होता, असं त्यांचं मत. तिने बघितलं आणि श्वास सोडायचाच विसरली.

"सोड," हेमांगीबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "श्वास सोड, बाळा."

"हे चालतंय," शलाका म्हणाली. "मॅडम, ह्याचं काळीज चालतंय."

"हो."

"मग उचलून खाली ठेवा की. तुम्ही एवढ्या मोठ्या डॉक्टर. नळीने ठेवलंत तसं नळीने उचला."

हेमांगीबाई तिच्याशेजारी टेकल्या. "नाही गं जमत. त्याने मुळं धरलीत. यकृताच्या रक्तवाहिन्यांत धरलीत. सोडवलं की ते जाणार. नाही सोडवलं तर ते फुटेल आणि तू जाशील. आज फुटेल की चार दिवसांनी, एवढंच सांगता येत नाही."

सुहासला आत बोलावलं. त्याला सगळं सांगून झाल्यावर तो एकच वाक्य म्हणाला, "मीच म्हणालो होतो सूर मारून दुखतोय," आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला. शलाका रडली नाही. तिने त्याला जवळ बोलावून त्याचे केस विस्कटले, मैदानावर हरलेल्या पोरींचे विस्कटायची तसे.

यकृताचे शल्यविशारद सांगलीहून निघाले. शस्त्रक्रियागृह तयार होत होतं. शलाका चाकांच्या पलंगावर दाराशी थांबली होती, हाताला सलाईनची सुई, अंगावर हिरवा झगा.

"एक विचारू, मॅडम? हे कमकुवत होतं का? आधीच्या तिन्ही वेळी मला तसंच सांगितलं. तुमचं बीज बरं नाही म्हणून."

"नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "धडधाकट आहे ते. जिथून जोरात हाक आली तिथे गेलं. बीजनलिकेतून बाहेर पडून आंधळ्या वाटेने एवढं वर चढून गेलं. तुझ्या गर्भाचं काही चुकलं नाही. तुझंही नाही. चुकलं ते माझं."

शलाकाने अंगावरचा झगा सारखा केला. मग म्हणाली, "त्या बाकीच्यांचं काय? नऊ जणी म्हणालात ना?"

"सगळ्यांना फोन लावायला घेतलाय. इरफान तिकडे लावतोय, मी इथून."

"मग लावा ना. माझ्यासमोर लावा."

पहिला फोन जयसिंगपूरला लागला. ज्योत्स्ना कुंभोजकर, तिथे खानावळ चालवायची. गर्भ ठेवून दोन आठवडे झाले होते. मागे कुकरच्या शिट्या, ताटांचा खणखणाट, आणि त्या सगळ्यावर ताण करणारा आनंदी आवाज.

"मॅडम! मीच करणार होते तुम्हाला फोन! हार्मोन दुप्पट झालंय परत. देवच पावला बघा तुमच्या रूपानं. काय म्हणता?"

हेमांगीबाईंनी ओठ ओले केले. आपण आजवर एकाही बाईला नीट न विचारलेला प्रश्न त्या विचारणार होत्या. "ज्योत्स्ना, पाळी यायची तेव्हा तुला ओटीपोटाशिवाय आणखी कुठे दुखायचं का गं?"

"आणखी? कंबर. पाय. नेहमीचंच की." कुकरची शिट्टी वाजली. "हां, आणि उजवा खांदा. पण ते पोळ्या लाटून लाटून, मॅडम. दोन-दोनशे पोळ्या लाटते मी रोज. आता लाटत नाही तरी दुखतोय मेला. का हो? तुम्हाला कसं कळलं?"

हेमांगीबाईंनी फोन कानापासून खाली घेतला. शलाकाने सुई लावलेला हात पुढे केला आणि तो काढून घेतला.

"ताई, मी शलाका आवटी बोलतेय. सगळ्यात आधी औषध घेतलं ती. गॅस बंद कर आणि आहे तशी निघ. मिरजेला ये. गाडी कर, पण बसने येऊ नकोस. एकटी येऊ नकोस."

"अगोबाई! असं का बोलताय? मॅडम कुठायत?" आवाजातला सगळा आनंद गळून पडला होता. "बाळ... बाळ ठीक आहे ना माझं?"

दार उघडलं. आतून कुणीतरी पलंग ओढायला लागलं. शलाकाने डावा हात उजव्या बरगड्यांवर ठेवला. तिने श्वास घेतला तसा तो हात वर आला आणि पुन्हा खाली गेला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच निघ."